डिलिव्हरी करताना मोठा अपघात झाला तर: सांगली-मिरज-कुपवाडच्या पोरांचे आणि घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज आणि कुपवाडात मी नऊ वर्षं पार्सलं वाटली. आता उजव्या पायात रॉड आहे. गाडीवरचं काम सुटलं, विश्रामबागेत एका झेरॉक्सच्या दुकानात बसतो. अपघात झालेल्या पोरांचे कागद तिथेच भरून देतो, त्याचे पैसे घेत नाही. प्रश्न बहुतेक तेच असतात आणि ते विचारणारा फोन बहुतेक दवाखान्यातूनच येतो. कधी पोराची बायको असते, कधी वडील. म्हणून हे एका जागी लिहून ठेवलं. मी वकील नाही, पण ज्या एका वाक्यामुळे माझा दावा बुडाला ते वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडून निघू नये, असं मला फार वाटतं.

अपघात आत्ताच झालाय. आधी काय करू?

१०८ ला फोन करा, नाहीतर ११२ ला. आपल्याकडे लोक मदतीला धावतात, पण जखमीला दोघांच्या मध्ये दुचाकीवर बसवून दवाखान्यात नेतात. मान किंवा पाठीचा मणका दुखावला असेल तर त्या पाच मिनिटांच्या प्रवासात जन्माचं नुकसान होऊ शकतं. रुग्णवाहिका येईपर्यंत माणसाला आडवाच राहू द्या. मान हलवू नका. श्वास नीट चालत असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. हाड बाहेर आलं असेल तर ते आत ढकलायचं नाही, स्वच्छ कापड ठेवून झाकायचं. रक्त वाहत असेल तर जखमेवर दाबून धरायचं.

सरकारी दवाखाने दोन. सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आणि मिरजेत वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. सोबत दुसरं कुणी असेल तर त्याने मागे थांबून फोटो काढावेत: दोन्ही गाड्या होत्या त्या जागी, नंबर प्लेट, रस्ता, सांडलेली पार्सलं किंवा जेवणाची पिशवी. पिशवीचा फोटो विसरू नका. तुम्ही फिरायला नव्हे, कामावर होता हे ती पिशवी सांगते.

मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतील ही भीती आता सोडून द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ प्रमाणे मदत करणाऱ्यावर जबाबदारी येत नाही आणि त्याच्यावर नाव सांगायची सक्तीही नाही.

कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात, "काय झालं?" काय सांगायचं?

जे झालं तेच, आणि पूर्ण. या पानावरचं बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हे उत्तर वाचा.

माझा अपघात डिसेंबरमध्ये झाला, रात्री साडेआठच्या सुमारास, माधवनगरच्या पुढे बुधगावच्या बाजूला. उसाची ट्रॉली रस्त्यातच उभी होती, मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही. मी सरळ तिच्यात गेलो. दवाखान्यात पोचायच्या आत टीम लीडरचा फोन आला: "पोलीस केस करू नकोस, लफडं होईल, ॲपवरचा आयडी अडकेल. घसरून पडलो म्हणून सांग." मी तसंच सांगितलं. केसपेपरवर डॉक्टरांनी तेच लिहिलं. सकाळी भाऊ जागेवर गेला तेव्हा ट्रॉली कारखान्याकडे निघून गेली होती. पुढे वर्षभर मी जिथे जिथे गेलो तिथे तो केसपेपर माझ्या आधी पोचलेला असायचा. "तुम्हीच म्हणालाय की घसरलो," यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दाव्यात सगळ्यात जास्त वजन या पहिल्या नोंदीला असतं, कारण तेव्हा अजून कुणाच्या डोक्यात पैशांचा विचार आलेला नसतो, असं कोर्ट धरून चालतं. म्हणून चार गोष्टी सांगा आणि लिहून घ्या: कोणत्या गाडीने धडक दिली किंवा कशावर आदळलो, कुठे, किती वाजता, आणि "डिलिव्हरी करत असताना". जखमी बेशुद्ध असेल तर सोबतच्या माणसाने सांगावं. त्याला माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणावं. अंदाजाने "स्लिप झाला असेल" म्हणू नये. आणि ही नोंद एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, म्हणून झाली का, तिचा नंबर काय, हे विचारून घ्या. रस्ता अपघाताची खबर दवाखान्यानेच पोलिसांना द्यायची असते.

"आधी पोलीस, मग उपचार" असं कुठे ऐकवलं तर मान्य करू नका. उपचार आधी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे.

टीम लीडर म्हणतोय केस केली तर आयडी बंद होईल. खरंच होतो का?

काही पोरांचा झालाय, खोटं कशाला सांगू. पण मांडीचं हाड मोडल्यावर सहा महिने तो आयडी चालू असून तरी काय उपयोगाचा? आयडी पुन्हा मिळतो, दुसरं ॲप मिळतं. पहिल्या दिवसाचा पंचनामा पुन्हा मिळत नाही.

पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. १ एप्रिल २०२२ पासूनचा हा नियम आहे. ठाण्यात जाऊन "साहेब, आमच्या केसचा पहिला अहवाल गेला का?" एवढं नम्रपणे विचारा. विचारणारा माणूस आहे हे कळलं की कागद हलतो, हा माझा अनुभव आहे.

ॲपमधलं काय जपून ठेवायचं?

अपघाताच्या वेळी चालू असलेल्या ऑर्डरचा स्क्रीनशॉट, त्याच दिवशी. नंतर ती ऑर्डर दुसऱ्याला जाते आणि तुमच्या स्क्रीनवरून निघून जाते. आठवड्याच्या कमाईचे हिशेब निदान मागच्या सहा महिन्यांचे काढून ठेवा, बँकेचं स्टेटमेंट त्यासोबत. ग्राहकाला केलेल्या कॉलची नोंद ठेवा. फोन फुटला असेल तर सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून लगेच लॉगिन करा.

कंपनीला खबर लेखीच द्या, ॲपच्या मदत विभागात किंवा ईमेलवर. फोनवर "हो हो, बघतो" म्हणणारा माणूस महिन्याभराने बदललेला असतो. बऱ्याच कंपन्यांचा अपघात विमा तुम्ही लॉगिन असताना किंवा ऑर्डर हातात असतानाच लागू होतो. कळवायची मुदतही छोटी असते. ती अटींच्या पानावर असते, घरच्या कुणाला तरी शांतपणे वाचायला लावा.

उसाच्या ट्रॉलीला धडकलो. ट्रॉलीला नंबरच नव्हता.

गाळप हंगामात, दिवाळीनंतर ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, आपल्या रस्त्यांवर हे रोजचंच. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, रुंदीबाहेर आलेला ऊस, आणि टायर फुटलं की तिथेच उभी. अंधारात मागून येणाऱ्याला ऊस दिसत नाही, कारण तो उजेड परत फेकत नाही. चाळीसच्या वेगाने जाणाऱ्यालाही तो शेवटच्या क्षणीच दिसतो.

नंबर ट्रॅक्टरचा घ्या. ट्रॅक्टर सोडून नेला असेल तर ट्रॉलीचा रंग, तिच्यावर लिहिलेलं नाव, देवाचं चित्र, जे असेल त्याचा फोटो. ऊस कोणत्या कारखान्याला चालला होता हे आसपासच्या वस्तीवर कळतं आणि प्रत्येक कारखान्याच्या वजनकाट्यावर कोणतं वाहन कधी आलं याची नोंद असते. पोलिसांना अर्जात ती नोंद मागवायला सांगा. मला हे तेव्हा माहीत असतं तर!

आणि "उभ्या वाहनाला मागून धडकलात म्हणजे चूक तुमचीच" हे पूर्ण खरं नाही. दिवे किंवा रिफ्लेक्टर नसलेलं वाहन रस्त्यात सोडणं हा निष्काळजीपणाच आहे. फार तर न्यायाधिकरण तुमचाही काही वाटा धरेल आणि तेवढी रक्कम कापेल.

वाहन सापडलंच नाही तर हिट अँड रनची सरकारी भरपाई आहे: गंभीर दुखापतीला ५० हजार, मृत्यूला २ लाख. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयामार्फत होतो. रक्कम तोकडी आहे, तरी सोडू नका.

दवाखाना ॲडव्हान्स मागतोय. घरात दहा हजारसुद्धा नाहीत.

दोन दरवाजे ठोठवा. पहिला, केंद्राची मे २०२५ मध्ये लागू झालेली रस्ता अपघातग्रस्तांसाठीची कॅशलेस योजना: नियुक्त दवाखान्यात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत. अपघात मोटार वाहनामुळे झालेला हवा आणि पोलिसांकडून तशी खात्री व्हावी लागते. बघा, इथेही "घसरून पडलो" आणि "केस नको" आडवं येतं.

दुसरा, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, आणि रेशन कार्ड कोणत्याही रंगाचं चालतं. रेशन कार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. हेल्पलाइन १५५३८८. मिरजेत हाडाच्या दवाखान्यांची कमी नाही, पण प्रत्येक दवाखाना योजनेत नाही आणि योजनेतल्या दवाखान्यातही प्रत्येक ऑपरेशन बसत नाही. भरती करायच्या आधी, निदान रॉड टाकायच्या आधी, एवढं विचारा. ऑपरेशन झाल्यावर विचारायला येणारे नातेवाईक बघितले की माझा जीव तुटतो.

प्लास्टर घातलंय, पण दुखणं कमी होत नाही. सहन करायचं का?

नाही. प्लास्टरनंतर दुखणं कमी कमी व्हायला हवं. ते तासातासाला वाढत असेल, बोटं बधिर किंवा थंड पडत असतील, बोटं सरळ करताना जीव जात असेल तर रात्र असली तरी दवाखान्यात परत जा. आत सूज वाढून रक्तपुरवठा अडतो आणि काही तासांत पाय हातचा जाऊ शकतो. डोक्याला मार लागलेला माणूस शुद्धीवर येऊन बोलायला लागला, पण नंतर उलट्या करू लागला, झोपाळला, बरळू लागला तर तेही तसंच तातडीचं. "आराम पडतोय, झोपू दे" म्हणून सोडू नका.

कंपनी म्हणते, "तुम्ही आमचे कामगार नाही, पार्टनर आहात." मग भरपाई कुणाकडून?

इथे माणसं दोन गटांत पडतात, आणि तुम्ही कोणत्या गटात ते आधी नीट बघा.

हबवर किंवा कुरिअरच्या ठेकेदाराकडे पगारावर असाल, गॅस एजन्सीत सिलिंडर पोचवत असाल, दुधाच्या किंवा किराणाच्या टेम्पोवर असाल, तर तुम्हाला मालक आहे. मग कामावरच्या अपघाताची भरपाई हा तुमचा हक्क आहे, चूक कुणाचीही असो. १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा त्यासाठीच होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. नेमणूकपत्र नसलं तरी घाबरू नका. पगाराच्या नोंदी, व्हॉट्सॲपवर आलेले रूट, गणवेश, सोबत्याची साक्ष, हे सगळं पुरावा म्हणून चालतं. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी तुमचा पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू व्हायला हवं. ते असेल तर भरपाई मालकाकडून नव्हे, ईएसआयकडून: उपचार, कामावर जाता न येणाऱ्या दिवसांचा सुमारे ९० टक्के पगार, कायमचं अपंगत्व आलं तर महिना पेन्शन. दावे लावून देणारे एजंट तुम्हाला हे सांगत नाहीत, कारण यात त्यांना काही सुटत नाही.

ॲपवर स्वतःच्या गाडीने ऑर्डरी टाकणारे दुसऱ्या गटात. नव्या संहितेत गिग कामगार (नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेर काम करणारे) आणि प्लॅटफॉर्म कामगार (ॲपवरून काम करणारे) हे शब्द देशाच्या कायद्यात पहिल्यांदा आले. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के सामाजिक सुरक्षा निधीत भरायचे आहेत, कामगारांना द्यायच्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत. पण मालकाने थेट भरपाई द्यायचं प्रकरण अजून "कर्मचारी" शब्दाभोवतीच फिरतं. राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकाने २०२५ मध्ये या कामगारांसाठी स्वतंत्र कायदे केले. मिरजेतून पुढे म्हैसाळ ओलांडलं की कर्नाटक. तिकडच्या पोराला जो कायदा आहे तो इकडच्या पोराला का नसावा, याचं उत्तर मुंबईत बसलेल्यांनी द्यायला हवं.

तोवर ॲपवाल्याने तीन गोष्टी धराव्यात: कंपनीचा गट विमा, धडक देणाऱ्या गाडीच्या विमा कंपनीवरचा दावा, आणि स्वतःचा विमा.

स्वतःचा विमा म्हणजे कोणता?

बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून घेणारी प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना. मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, एक डोळा किंवा एक हात-पाय गेला तर १ लाख. पैसे मेअखेरीस कापले जातात, तेव्हा खात्यात २० रुपये नसल्याने ज्यांचं संरक्षण गेलं अशी दोन घरं मला माहीत आहेत. ई-श्रम ही असंघटित कामगारांची सरकारी नोंदणी, तीही प्लॅटफॉर्म कामगार म्हणून करून ठेवा.

गाडी वडिलांच्या नावावर आहे. काही फरक पडतो?

मोठा पडतो. गाडीच्या विम्यासोबत जो १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घेतात तो मालक-चालकाचा असतो. आरसीवर ज्याचं नाव तोच चालवत असेल आणि त्याचं लायसन्स चालू असेल तरच तो लागू. वडिलांच्या, मेव्हण्याच्या, मित्राच्या गाडीवर काम करणारी पोरं आपल्याकडे निम्म्याहून जास्त असतील, आणि त्यांना वाटतं गाडीचा विमा आहे म्हणजे आपण सुरक्षित. तसं नाही. गाडी नावावर करून घ्या, किंवा स्वतःच्या नावाने वेगळा अपघात विमा घ्या. हेही लक्षात ठेवा की या १५ लाखांत नुसतं हाड मोडल्याचं काही मिळत नाही, मृत्यू, हात, पाय, डोळा कायमचा गेल्याचं किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्याचंच मिळतं.

खड्ड्यात पडलो. समोर कुणीच नव्हतं.

मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी निकाल दिला: खड्डा किंवा उघड्या गटारामुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमीला दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख, आणि हे रस्ता ज्याच्या ताब्यात त्याने द्यायचं. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती अर्ज बघते. त्याच दिवशी खड्ड्याचा फोटो काढा, शेजारी काहीतरी ठेवून, म्हणजे खोली कळेल. पाऊस थांबला की मुरूम पडतो आणि खड्डा नव्हताच असं होऊन बसतं.

सिलिंडर उचलताना कमरेत चमक भरली, आता उठता येत नाही. हा अपघात धरतात का?

धरतात, पण तारीख, वेळ आणि जिना सांगता आला पाहिजे. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास असतो. तो खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर जाताना कट्‌ असा आवाज झाला आणि खाली बसलो, हा अपघात. "चार वर्षांपासून कंबर दुखते" एवढंच सांगितलंत तर तो आजार समजला जातो. एजन्सीला त्याच दिवशी मेसेज करा आणि डॉक्टरांकडे लगेच जा. चार दिवस शेकत बसू नका.

कुत्रं मागे लागलं, गाडी घसरली, चावलंही.

हाडाकडे बघताना चावा विसरतात. जखम साबण लावून वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करा. सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. सगळे डोस पूर्ण करा.

एकूण किती मिळतात?

आकडा ऐकून कुणी हुरळू नये, पण अंधारातही राहू नये. उदाहरण घेऊ. वय ३०, कमाई महिना १५ हजार, पायाने कायमची ४० टक्के कमाईची क्षमता गेली.

मालकाकडून भरपाईचा हिशेब: पगाराच्या ६० टक्के, म्हणजे ९ हजार, गुणिले वयाचा आकडा २०७.९८, त्याचे ४० टक्के. येतात ७,४८,७२८ रुपये. पगार कितीही असला तरी २०२० पासून हिशेबाला १५ हजारच धरले जात आले आहेत. उपचाराचा खर्च वेगळा.

दुसऱ्या गाडीच्या विमा कंपनीवर न्यायाधिकरणात दावा: १५ हजारांवर, पुढे कमाई वाढली असती म्हणून, ४० टक्के धरून २१ हजार, गुणिले १२ महिने, गुणिले या वयाला धरतात तो आकडा १७, त्याचे ४० टक्के. होतात १७,१३,६०० रुपये. शिवाय उपचार, सोसलेल्या वेदना, सांभाळायला लागलेला माणूस, पुढे रॉड काढायचा खर्च, हे सगळं मागता येतं. यात समोरच्याची चूक सिद्ध करावी लागते आणि वेळ लागतो, वर्षं लागतात. एकाच अपघातासाठी दोन्ही रस्ते धरता येत नाहीत, एक निवडावा लागतो. निवडायच्या आधी वकिलाला भेटा. घाईने एखाद्या फॉर्मवर सही करून बसू नका.

कमाई १५ हजार होती हे सिद्ध कशाने होणार? त्या आठवड्याच्या हिशेबांनी, जे मघाशी काढून ठेवायला सांगितले.

सिव्हिलने २० टक्के अपंगत्व लिहिलं, पण मी आता गाडीच चालवू शकत नाही.

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे. डॉक्टर लिहितात ते शरीराचे टक्के. भरपाई ठरते ती तुमच्या कामाचे किती टक्के गेले त्यावर. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात हे स्पष्ट केलं. गुडघा नव्वद अंशात वाकत नाही हे टेबलावर बसणाऱ्याला छोटं नुकसान आहे. दिवसाला पन्नास वेळा गाडीवरून उतरून जिने चढणाऱ्याचं त्यात सगळं कामच गेलं. हे आपोआप कुणी धरत नाही. दाखला देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष व्हावी लागते आणि तुम्ही काय काम करत होता, दिवसाला किती जिने, किती किलो, हे कोर्टापुढे यावं लागतं. माझ्या गुडघ्याबद्दल मला हे सांगायला कुणी भेटलं नव्हतं.

दाखला उपचार पुरे झाल्यावर काढा, प्लास्टरमध्ये असताना नको. ४० टक्के किंवा जास्त असेल तर दिव्यांगांच्या सवलतीही लागू होतात.

ठेकेदार घरी आला, पन्नास हजार देतो म्हणाला, "आता काही देणं नाही" अशा कागदावर सही मागतोय.

पैसे उपचाराला हवे असतात, ठेकेदाराला ते माहीत असतं, म्हणून तो नेमका तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो. पगारी कामगाराने भरपाईचा हक्क सोडल्याचा करार कायद्याने रद्दबातल असतो. जुन्या कायद्याच्या कलम १७ मध्ये हे होतं, संहितेतही ते कायम आहे. मृत्यूच्या प्रकरणात तर भरपाई थेट घरच्यांच्या हातात दिली तरी ती दिली असं धरत नाहीत, ती सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. सही झाली असेल तरी दार बंद झालं असं समजू नका. पण झाली नसेल तर करू नका. उपचारासाठी उचल म्हणून देत असेल तर "उपचारासाठी मिळाले" एवढंच लिहून द्या.

मुदत किती?

न्यायाधिकरणातला दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत. मालकाकडच्या भरपाईचा दोन वर्षांच्या आत. पहिला आकडा आधी लक्षात ठेवा. प्लास्टर, ऑपरेशन, फिजिओ करता करता सहा महिने कसे जातात हे पडून राहिलेल्यालाच कळतं.

वकील तीस टक्के मागतोय.

मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवून घ्यायला वकिलांना त्यांच्याच बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. फी आकड्यात ठरवा, लिहून घ्या. परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे: स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग, आणि वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असलेले, यांना वकील मोफत. फोन १५१००. इथल्या निकालावर अपील करायला आता मुंबई गाठावी लागत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं आणि सांगली, सातारा त्याच्याच कक्षेत येतात.

"माझे यजमान गेले. मला यातलं काहीच माहीत नाही. कुठून सुरुवात करू?"

ताई, तेरावं होईपर्यंत थांबायचं असेल तर थांबा, पण घरातल्या कुणाला तरी आजच तीन कामं सांगा. त्यांचा फोन रिसेट करू नका आणि सिम बंद करू नका. सगळी कमाई, सगळ्या ऑर्डरी त्यातच आहेत. एफआयआर, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाच्या प्रती मागा. बँकेत जाऊन खात्यातून २० रुपयांचा किंवा इतर कोणता विमा कापला जात होता का ते बघा आणि दाव्याचा फॉर्म ३० दिवसांत द्या. न्यायाधिकरणाकडून मोठी रक्कम आली की त्यातली बरीचशी मुलांच्या नावे मुदत ठेवीत ठेवायला सांगतात. दीर-सासऱ्यांना ते आवडत नाही. तुम्ही ठाम राहा, ते पैसे मुलांचे आहेत.

पाय बरा झाला. पण ट्रॅक्टरचा आवाज आला की हात थरथरतात. हे कुणाला सांगू?

डॉक्टरांना सांगा, घरात सांगा. लाजू नका. टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, दिवसरात्र चालू, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. मी स्वतः दीड वर्षाने तिथे फोन केला. पहिला महिना शंभर फुटी रस्त्यावर सकाळी सहा वाजता, रस्ता मोकळा असताना, भावाच्या मागे नुसता बसून फिरलो. मग स्वतः चालवली. रात्री माधवनगरच्या बाजूला मी अजून गाडी घालत नाही.